वीस हेलकावे

पद्मजाची पेन्सिल वहीवर टेकलीच होती. अडतीस पॉइंट एक खोडून तिथे चाळीस पॉइंट एक लिहायचं, त्याखाली पस्तीस पॉइंट नऊ, त्याखाली एकतीस पॉइंट एक. हे आकडे तिला स्वतःच्या फ्लॅटच्या नंबरासारखे पाठ होते. गेली बावीस वर्षं ती ते प्रत्येक बॅचच्या वहीत उतरवत आली होती. तेवढ्यात वहीवर एक हात आला, नखं कुरतडलेला, करंगळीला शाई लागलेला. "मॅडम, पण मला तसं नाही आलं," प्रांजल म्हणाली. ती काही भांडत नव्हती. भाजीवाल्याने दुसऱ्या कुणाची पिशवी आपल्या हातात दिली तर माणूस जसं म्हणेल तसं म्हणाली. गुरुवारची दुपार होती, मुलुंड पूर्वेच्या त्या ज्युनिअर कॉलेजची फिजिक्सची लॅब, बारावीची बारा मुलांची बॅच. अकरा वह्यांत उत्तर नऊ पॉइंट आठ होतं आणि त्या अकरांपैकी एकानेही गोळा हलवलासुद्धा नव्हता. कुणी क्लासचे पेपर सोडवत होतं, कुणी बाकाखाली मोबाइल धरून बसलं होतं. प्रयोग तसा साधा. दोऱ्याला पितळी गोळा टांगायचा, हलकेच सोडायचा, वीस हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं, दोरा लांब-आखूड करून पुन्हा मोजायचं आणि त्यावरून पृथ्वी वस्तूंना किती जोराने ओढते तो आकडा काढायचा. तो नऊ पॉइंट आठच्या आसपास येतो, कुठेही केला तरी येतो. प्रांजलचा दहा पॉइंट आठ आठ आला होता, आणि तिन्ही वेळा तेवढाच. पद्मजाला चूक कुठे आहे ते वही बघतानाच कळलं. मुलगी गोळा सोडताना "एक" म्हणत होती. गोळा एकदा जाऊन परत आल्यावर म्हणायचं ते आधीच म्हणत होती, त्यामुळे तिचे वीस झाले की खरे एकोणीसच झालेले असत. एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. पण पद्मजाने पेन्सिल उचलली, कानामागे खोवली आणि म्हणाली, "मग कुठे चुकतंय ते बघ." स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "कुठे चुकतंय, मॅडम?" "ते तू शोधायचं." मागच्या बाकावरून धवल हसला. "अगं, लिही ना नऊ पॉइंट आठ! उगाच वाट लावून घेशील स्वतःची." सगळी बॅच हसली. प्रांजलही थोडी हसली, आणि तिने गोळा पुन्हा हातात घेतला.

मिठागर रोडने घरी चालत येताना पद्मजाचा श्वास उगीचच जोरात चालला होता. आपण काहीतरी फार मोठं केल्यासारखा. काय केलं होतं? एका मुलीला उत्तर सांगितलं नव्हतं, एवढंच. पण शरीराला ते ओळखीचं वाटत होतं, आणि त्या ओळखीचा तिला राग येत होता. शहाऐंशी सालचं घाटकोपरचं कॉलेज, दुसऱ्या मजल्यावरची लॅब, खिडक्यांना हिरवा रंग. तिथे तिचाही आकडा दहा पॉइंट आठ आला होता, आणि तो अकरा दिवस हटला नव्हता. कारखानीस सर रोज दारातून डोकवायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे, "अजून दहा पॉइंट आठच का तुमचा?" असं विचारायचे आणि निघून जायचे. त्यांना माहीत होतं. माहीत असूनही हा माणूस सांगत नाही, याचा तिला इतका संताप यायचा की एकदा जिन्यातच उभं राहून ती रडली होती. तिने दोरा बदलला, गोळा बदलला, वारा नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या, घामाने ब्लाउज पाठीला चिकटला. बाकीच्या मुली पुढच्या प्रयोगांवर गेल्या. अकराव्या दिवशी गोळा सोडताना तिला स्वतःच्या तोंडून निघालेला "एक" ऐकू आला. रोज निघत होता, त्या दिवशी ऐकू आला. कान तापले. ती धावत स्टाफरूममध्ये गेली तेव्हा सर डबा खात होते. "बरं," ते म्हणाले, "आता पुढचा प्रयोग घ्या." शाबासकी नाही, हसू नाही. आणि तरीही त्या मिनिटासारखं मिनिट पुन्हा आलं नाही. लग्नात आलं नाही, अनय झाला तेव्हाही आलं नाही. हे ती कुणाला सांगू शकली नसती, नवऱ्याला, अनंतला, तर नाहीच, आणि आता तो जाऊन चार वर्षं झाली होती. त्या सगळ्यांत दुसरं कुणीतरी होतं. त्या मिनिटात फक्त ती होती. त्याच मिनिटाच्या जोरावर ती एम.एस्सी. झाली, बँकेची परीक्षा पास होऊनही शिकवायला आली, आणि पहिली दहा-बारा वर्षं तिने मुलांना कारखानीस सरांसारखंच रडवलं. मुलं वैतागायची, पालक तक्रार करायचे, प्रिन्सिपल बोलावून घ्यायचे. तिला आतून माहीत असायचं की आपण बरोबर आहोत. असं माहीत असणं किती सुखाचं असतं, हे ती आता विसरली होती.

ते सुख संपलं ते नितेशमुळे. त्याचं नाव तिने बावीस वर्षांत मोठ्याने उच्चारलं नव्हतं. काळा, काटकुळा, मालवणकडचा मुलगा. बाप परळच्या गिरणीत होता आणि गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन झाला होता. नितेश तिच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त चुकायचा आणि सगळ्यात जास्त वेळ थांबायचा. चूक सापडली की एकटाच हसायचा, हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसायचा. त्याला तिने शिकवलं होतं, जे येईल तेच लिही, बरोबर नसेल तर का नाही ते खाली लिही. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला त्याच्या वाट्याला आलेला स्टँड डुगडुगत होता. उत्तर आलं आठ पॉइंट नऊ. त्याने ते लिहिलं, खाली दोन ओळीही लिहिल्या, स्टँड हलत होता म्हणून असं झालं असावं. बाहेरून आलेल्या परीक्षकाला चारच्या आत पन्नास वह्या संपवायच्या होत्या. त्याने उत्तर पाहिलं आणि लाल रेघ मारली. तीसपैकी अठरा. ज्यांनी नऊ पॉइंट आठ पाठ करून लिहिलं होतं त्यांना अठ्ठावीस, एकोणतीस. इंजिनिअरिंगच्या यादीत नितेश दोन मार्कांनी राहिला. जूनमध्ये त्याचा बाप, धोंडू, कॉलेजच्या गेटपाशी उभा होता, वॉचमनच्या निळ्या शर्टात, टोपी हातात घेऊन. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फार हळू बोलला. "बाई, तुमका ठावक होता मां, बरोबर काय येवक व्हया ता?" ती हो म्हणाली. "मगे पोराक सांगलास कित्याक नाय?" तिने काहीतरी सांगितलं, खरं लिहायचं असतं, विज्ञान असतं, चुकून शिकायचं असतं, असलंच काहीतरी. उन्हात तिच्या शब्दांना घाम येत होता. धोंडूने सगळं ऐकून घेतलं. "खरा लिवन काय गावला त्याका?" त्याने विचारलं, आणि उत्तरासाठी खरोखरच थांबला. मग तो टोपी घालून ड्यूटीवर गेला. नितेश अंधेरीला एका कंपनीत पॅकिंगला लागला असं नंतर कळलं. त्या रात्री तिने विचार केला होता तो अगदी सरळ. मी चुकले तेव्हा माझे वडील पोस्टात कायम नोकरीत होते. अकरा दिवस काय, एक वर्ष गेलं असतं तरी घरात कुणी उपाशी राहिलं नसतं. ज्याला चुकायला जागाच नाही त्याला मी चुकायला शिकवलं. पुढच्या वर्षीपासून फळ्यावर तयार रीडिंग आली. निकाल सुधारला. प्रिन्सिपलनी गॅदरिंगमध्ये नाव घेतलं.

अनय हॉलमध्ये सोफ्यावर आडवा होता. दाराचा आवाज झाला तशी त्याने मान वळवली. "चहा टाकतेस?" सव्वीस वर्षांचा होता. तिसरी नोकरी सोडून नऊ महिने झाले होते. अंधेरीच्या ऑफिसात त्याच्याकडून एका क्लायंटला चुकीची शीट गेली, मॅनेजर चार लोकांसमोर बोलला, आणि अनय दुसऱ्या दिवसापासून गेलाच नाही. फोनही उचलला नाही. त्याआधीच्या दोन नोकऱ्याही अशाच कुठल्या तरी दुपारी संपल्या होत्या. चहा ओतताना तिने प्रांजलचं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, एरवी ती कॉलेजचं काही बोलत नसे. "मग सांगून टाक ना तिला," तो म्हणाला. "कशाला टॉर्चर?" "सापडेल तिला." "आणि नाही सापडलं तर?" तिने कप त्याच्याकडे सरकवला. अनयने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "माझं बरं होतं. मला तू सांगायचीसही नाहीस, करूनच टाकायचीस. आठवतं? पाचवीतलं ते विहिरीचं मॉडेल? रहाट फिरायचा त्याचा. बाई म्हणाल्या होत्या, झकास." तो हसला, मनापासून, कृतज्ञतेने, आणि तिला वाटलं, याने एक शिवी घातली असती तर आपण ती कपाळाला लावली असती. विहिरीचं मॉडेल तिने केलं होतं. रहाट तीनदा तुटला होता आणि तिन्ही वेळा तिने तो पुन्हा जोडला होता. अनय शेजारी झोपला होता. त्याचे निबंध, त्याचे नकाशे, दहावीची सगळी प्रोजेक्ट्स, बारावीचं जर्नल. धोंडूला देता न आलेलं उत्तर ती स्वतःच्या मुलाच्या वह्यांतून देत राहिली होती. लिहिताना त्याची रेघ जरा वाकडी गेली तरी तिचा हात खोडरबराकडे जायचा. वाकडी रेघ त्याने कधी पुरती पाहिलीच नाही. "आई, साखर कमी आहे," अनय म्हणाला. ती उठली आणि डबा घेऊन आली.

पुढचे दोन गुरुवार आणि तीन शनिवार प्रांजल तो गोळा हलवत राहिली. घाटकोपरला क्लास होता, त्याचे शेवटचे तास सोडून तशीच यायची, डबा लॅबमध्ये खायची. आधी तिला वाटलं दोरा ताणला जातोय, मग वाटलं स्टॉपवॉच बिघडलंय, मग तिने पट्टीच दुसरी आणली. प्रत्येक वेळी दहा पॉइंट आठ. धवलने तिचं नावच 'दहा-आठ' ठेवलं होतं. एका शनिवारी ती वहीवर डोकं टेकून पाच मिनिटं तशीच पडली. पद्मजा आपल्या टेबलाशी बसून तपासलेल्या वह्या पुन्हा तपासत होती. सांगावं की नाही हा प्रश्न तिच्या दातांत अडकलेल्या बडीशेपेसारखा दिवसभर असायचा. एकदा तर ती उठून प्रांजलच्या मागे जाऊन उभीही राहिली. मुलीची मान, वेणीतून सुटलेले केस, आणि ओठांतल्या ओठांत "एक…" मुलीला ते ऐकू येत नव्हतं. पद्मजाला लॅबच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू येत होतं, आणि तिला स्वतःची भीती वाटू लागली होती. हे आपण या मुलीसाठी करतोय की आपलं ते एक मिनिट परत मिळावं म्हणून? नितेशच्या वेळी तरी नक्की कुणासाठी करत होतो? तिसऱ्या शनिवारी चार वाजून गेले. शकु, लॅबची अटेंडंट, किल्ल्या वाजवत उभी राहिली. पंचवीस वर्षं ती या लॅबमध्ये काचा पुसत होती. "चल गं पोरी, मला कुलूप लावायचंय." "शकुमावशी, एकदाच," प्रांजल म्हणाली. "मी फक्त घड्याळ बघते, मोजायचं तुम्ही. वीस झाले की सांगा." शकुने पद्मजाकडे पाहिलं. पद्मजाने मान हलवली. गोळा सुटला. शकु गप्पच. तो पलीकडे गेला, परत आला, तेव्हा शकु म्हणाली, "एक." तिने वीस म्हटलं तेव्हा स्टॉपवॉचवर चाळीस पॉइंट एक होतं. प्रांजल बघत राहिली. "तुम्ही उशिरा सुरू केलंत, मावशी. सोडल्यावर लगेच एक म्हणायचं." "वा गं! अजून आलाच नाही तो, तर एक कसं म्हणू?" शकु म्हणाली. "गेला आणि आला, की एक."

प्रांजलने हात पुढे करून गोळा थांबवला. तिचे कान लाल झाले. आधी ते मानेपाशी दिसलं, मग वर चढत गेलं. "शून्य," ती म्हणाली. "सोडताना शून्य म्हणायचं." मग तिने वळून पाहिलं. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं?" "हो." "पहिल्या दिवसापासून?" "हो." क्षणभर त्या चेहऱ्यावर जे आलं तो सरळ सरळ द्वेष होता, आणि पद्मजाने तो ओळखला. स्वतःचाच होता, चाळीस वर्षांपूर्वीचा. मग प्रांजल हसायलाच लागली. हसता हसता तिने दोरा आखूड केला, पुन्हा मोजलं, आणखी आखूड केला, पुन्हा मोजलं, शेवटी कुणी न सांगितलेल्या लांबीलाही मोजलं. सगळीकडे नऊ पॉइंट आठ, एकदा नऊ पॉइंट सात. शकु कुलूप घेऊन स्टुलावर बसून राहिली. घरी जाताना पद्मजाने नाक्यावर उभं राहून उसाचा रस प्यायला, एकटीने, भर रस्त्यात, कितीतरी वर्षांनी. घरी अनयने विचारलं, "खूश दिसतेस?" आणि ती म्हणाली, "सापडलं तिला." "हं," तो म्हणाला, आणि त्याने मोबाइल पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

सोमवारी व्हाइस प्रिन्सिपल चंद्रप्रकाश सरांची नोटीस लागली. बुधवारपर्यंत सगळी जर्नल पूर्ण होऊन त्यावर सह्या झाल्या पाहिजेत, ज्याचं जर्नल अपूर्ण त्याला प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येणार नाही. पद्मजा त्यांच्या केबिनमध्ये गेली. "एका मुलीला आठवडाभर जास्त द्या, सर. तिने एक प्रयोग खरोखर केलाय." "एकच?" चंद्रप्रकाश सर खुर्चीत मागे रेलले. "बाकीच्यांनी आठही केलेत, मॅडम. सह्या तर तुमच्याच आहेत खाली." त्यात टोमणा होता की नाही हे तिला कळलं नाही. बाहेर येताना दाराची मूठ तिच्या हाताला गार लागली.

मंगळवारी दुपारी प्रांजल आली. डोळ्यांखाली काळं, हातात जर्नल. लंबकाचा प्रयोग चार पानं भरून लिहिलेला, चुकीची टेबलं तशीच ठेवून त्यांच्यावर एक तिरकी रेघ, बाजूला तारखा. त्यापुढची सात प्रयोगांची पानं कोरी. "उद्या दिवसभर लॅब उघडी ठेवते," पद्मजा म्हणाली. "मी थांबते तुझ्याबरोबर. सात नाही तरी तीन होतील, बाकीच्या प्रयोगांचं मी बघते." "उद्या क्लासची टेस्ट आहे, मॅडम. मागच्या टेस्टला माझे कमी आले ना, शनिवारचे तास बुडवले म्हणून. बाबा म्हणाले, आता एक दिवसही नाही." ती थांबली. "मॅडम, तुम्ही रीडिंग द्याल? धवल देत होता त्याची वही. पण तुमच्याकडून घेतली तर…" ते वाक्य तिने सोडून दिलं. पद्मजाला वाटलं, हिला नाही म्हणावं. मग उन्हात टोपी हातात धरून उभा असलेला तो माणूस आठवला, आणि त्याने ज्या शांतपणे उत्तराची वाट पाहिली होती ती शांतता. नाही म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढा तिच्यात उरला नव्हता. "बस," ती म्हणाली. "लिही."

तिला वही उघडावी लागली नाही. ती खिडकीकडे बघत आकडे सांगत गेली आणि प्रांजल लिहीत गेली. भराभर लिहीत होती, अक्षर सुरेख, रेघा पट्टीने मारलेल्या. पहिला प्रयोग वीस मिनिटांत झाला, दुसरा पंधरा, तिसरा दहा. शकु फडकं घेऊन बाकं पुसत पुसत जवळ आली, एकदा दोघींकडे पाहिलं आणि दुसऱ्या रांगेकडे गेली. चौथ्या प्रयोगाला प्रांजल थांबली. पेनाचं टोपण दातांत धरून तिने लिहिलेली पानं मागे-पुढे चाळली. तिच्या कपाळावर तीच आठी होती, गोळ्यापाशी उभी असताना असायची ती, आणि पद्मजा आकडे सांगायची थांबून तिच्याकडे बघू लागली.

"मॅडम, सगळीच रीडिंग एकदम बरोबर येतायत," प्रांजल म्हणाली. "एक्स्टर्नलला कळेल ना. मध्येच एखादं थोडं चुकवू का? म्हणजे खरं वाटेल."

पद्मजाने नजर पुन्हा खिडकीकडे वळवली. खाली मैदानात अकरावीची मुलं पीटीच्या रांगेत उभी होती. शिट्टी वाजत होती.

"तिसरं चुकव," ती म्हणाली.

"कितीने?"

"पॉइंट तीनने. जास्त नको."

प्रांजलने आकडा लिहिला, वही जरा लांब धरून पाहिली. "हां," ती म्हणाली. "आता झालं."

पद्मजाने पुढचं रीडिंग सांगितलं.